टेप लायब्ररी घेताना: एंटरप्राइज की मिड-रेंज, हिशेब कसा मांडायचा

टेप लायब्ररी म्हणजे डेटा साठवणाऱ्या टेपच्या कार्ट्रिज, त्या लिहिणारे-वाचणारे ड्राइव्ह आणि कार्ट्रिज ड्राइव्हमध्ये घालणारा रोबोट, सगळे एका यंत्रात. तिची दोन कोटेशन शेजारी ठेवली की नजर आधी क्षमतेवर जाते, आणि तिथेच फसगत होते. कोटेशनमधला मोठा आकडा बहुतेकदा कॉम्प्रेस्ड क्षमतेचा, म्हणजे डेटा दाबून किती मावेल याचा असतो. एलटीओ हा अनेक कंपन्यांच्या नावाने मिळणारा टेपचा सामाईक प्रकार; त्याच्या नवव्या पिढीच्या, एलटीओ-९ कार्ट्रिजवर ठळक अक्षरात ४५ टीबी लिहिलेले असते, पण खरी क्षमता १८ टीबी. आयबीएमच्या टीएस११७० ड्राइव्हची जेएफ कार्ट्रिज १५० टीबी सांगितली जाते, ती ५० टीबीची आहे. एलटीओवाले अडीच पट कॉम्प्रेशन धरतात, आयबीएम तीन पट. व्हिडिओ, स्कॅन केलेले जेपीईजी, झिप फायली किंवा बॅकअप सॉफ्टवेअरने आधीच दाबलेला नाहीतर एन्क्रिप्ट केलेला डेटा ड्राइव्हमध्ये आणखी दबत नाही. म्हणून दोन्ही कोटेशनमधले कॉम्प्रेस्ड आकडे आधी लाल पेनने खोडा. पुढचा सगळा हिशेब नेटिव्ह, म्हणजे कॉम्प्रेशन न धरलेल्या क्षमतेवर आणि नेटिव्ह वेगावर करायचा.

या लेखात मिड-रेंज म्हणजे एलटीओ ड्राइव्ह असलेली, रॅकमध्ये बसणारी, गरजेप्रमाणे मॉड्यूल जोडत वाढवायची लायब्ररी: आयबीएम टीएस४३००, एचपीई एमएसएल३०४०, क्वांटम स्केलर आय३ या जातीची. एंटरप्राइज म्हणजे आयबीएमचे ३५९२ कुळातले ड्राइव्ह (टीएस११६०, टीएस११७०) आणि त्यांना सामावणारी टीएस४५०० किंवा स्पेक्ट्रा लॉजिक टीफिनिटीसारखी, स्वतःच्या फ्रेममध्ये उभी राहणारी लायब्ररी. एक गोष्ट आधीच लक्षात घ्या: टीएस४५०० मध्ये एलटीओ ड्राइव्हही बसतात. त्यामुळे लायब्ररी कोणती आणि ड्राइव्ह कोणता, हे दोन वेगळे निर्णय आहेत. विक्रेता ते एकाच पॅकेजात बांधून आणतो. तुम्ही ते सुटे करून किमती मागा.

वेगाचा हिशेब

महाग ड्राइव्ह जास्त वेगवान असणार, असे गृहीत धरले जाते. तसे नाही. एलटीओ-९ चा फुल-हाइट (पूर्ण उंचीचा) ड्राइव्ह सेकंदाला ४०० एमबी लिहितो, हाफ-हाइट (अर्ध्या उंचीचा) ३०० एमबी. टीएस११६० आणि टीएस११७० यांचा नेटिव्ह वेगही ४०० एमबीच आहे. तेव्हा निव्वळ वेगासाठी एंटरप्राइज ड्राइव्हचे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

किती ड्राइव्ह लागतील हे असे काढा. समजा रात्री ८ तासांत ४० टीबी टेपवर जायला हवे. ४० टीबी म्हणजे ४ कोटी एमबी, आणि ८ तासांचे २८,८०० सेकंद. म्हणजे सेकंदाला साधारण १,३८९ एमबी. टेप बदलणे, रिवाइंड, छोट्या फायली यांत वेळ जातो, म्हणून ड्राइव्हच्या नेटिव्ह वेगाचा ७५ टक्केच भाग धरा. हाफ-हाइट एलटीओ-९ चे मग २२५ एमबी होतात: ७ ड्राइव्ह. फुल-हाइटचे ३०० एमबी: ५ ड्राइव्ह. टीएस११७० चेही ५. त्यात एक ड्राइव्ह रिस्टोरसाठी आणि बिघाडासाठी जास्तीचा धरा. दिवसा कोणी फाइल मागितली आणि सगळे ड्राइव्ह बॅकअपमध्ये अडकलेले असले तर लायब्ररी कितीही भारी असो, माणूस ताटकळतो.

मिड-रेंजमध्ये फुल-हाइट घ्यायचा की हाफ-हाइट, हे जागेवरून ठरवा. टीएस४३०० च्या एका ३यू (रॅकची तीन घरे उंच) मॉड्यूलमध्ये ३ हाफ-हाइट ड्राइव्ह बसतात, किंवा एक फुल-हाइट आणि एक हाफ-हाइट. पहिल्या मांडणीत मॉड्यूलमागे ९०० एमबी मिळतात, दुसऱ्या मांडणीत ७००. फुल-हाइट ड्राइव्ह एकटा वेगवान असला तरी मॉड्यूलचा एकूण वेग घटतो. फुल-हाइटची बाजू वेगळ्या कारणाने भक्कम होते. एका टेपवरच्या विखुरलेल्या फायली कोणत्या क्रमाने वाचल्या तर टेप कमी पळेल, हे सांगणारी सोय एलटीओ-९ च्या फुल-हाइट ड्राइव्हमध्ये आहे. आधी ती एंटरप्राइज ड्राइव्हचीच मिरास होती. नुसता बॅकअप असेल तर तिचा फारसा उपयोग नाही, पण आर्काइव्हमधून रोज शेकडो फायली परत मागवल्या जात असतील तर आहे.

ड्राइव्हचे आकडे लिहून झाले की ड्राइव्हच्या अलीकडचा रस्ता तपासा. १० गिगाबिटची एक नेटवर्क लिंक कागदावरही सेकंदाला १,२५० एमबीच नेते. वरच्या उदाहरणात तीच आधी तुंबेल. असल्या ठिकाणी टेपचे बजेट वाढवणे म्हणजे नळ बारीक ठेवून टाकी मोठी करणे. आणि डेटा अडखळत आला तर नुसता वेग कमी होत नाही. ड्राइव्ह आपला वेग ठरावीक मर्यादेपर्यंतच खाली आणू शकतो. त्याखाली गेला की टेप थांबते, मागे जाते, पुन्हा पळते. या पुढे-मागे घासण्याला शू-शायनिंग म्हणतात, आणि त्यात हेड व टेप दोन्ही झिजतात. उपाय एकच: बॅकअप सर्व्हरमध्ये एसएसडीचा स्टेजिंग थर ठेवा, डेटा आधी तिथे जमू द्या आणि मग सलग टेपवर उतरवा. एका ड्राइव्हला पूर्ण वेगाने सतत डेटा पुरवता येत नसेल तर दुसरा ड्राइव्ह विकत घेऊ नका.

स्लॉटचा हिशेब

खरा फरक पडतो तो इथे, कार्ट्रिज ठेवायच्या खणांत, म्हणजे स्लॉटमध्ये. टेप पूर्ण भरत नाहीत. जुना बॅकअप कालबाह्य होतो, टेपवर निकामी डेटाची भोके पडतात, काही टेप अर्धवट राहतात. म्हणून भरणा ८५ टक्के धरा. एलटीओ-९ ची कार्ट्रिज मग १५.३ टीबीची होते, जेएफची ४२.५ टीबीची.

२ पेटाबाइट (२,००० टीबी) डेटा ठेवायचा असेल तर एका प्रतीसाठी एलटीओ-९ च्या १३१ कार्ट्रिज लागतात, जेएफच्या ४८. टीएस४३०० पूर्ण वाढवली की २७२ स्लॉट होतात. १३१ कार्ट्रिज, त्यावर कोऱ्या टेपचा साठा आणि क्लीनिंग कार्ट्रिज तिथे आरामात मावतात. दुसरी प्रत तशीही ऑफसाइट, म्हणजे दुसऱ्या जागी जायची असते. जेएफच्या ४८ कार्ट्रिज छोट्याशा वाटतात, पण ३५९२ चे ड्राइव्ह मिड-रेंज लायब्ररीत बसत नाहीत. त्या ४८ कार्ट्रिजसाठी आख्खी फ्रेम, तिचा रोबोट आणि तिची एएमसी (वार्षिक देखभाल करार) घ्यावी लागते. या आकाराला एंटरप्राइज ड्राइव्ह घेणे परवडत नाही, आणि विक्रेत्याने कितीही सूट दिली तरी सहसा परवडत नाही.

१० पेटाबाइटला चित्र बदलते. एलटीओ-९ च्या ६५४ कार्ट्रिज, जेएफच्या २३६. ६५४ कार्ट्रिज एका टीएस४३०० मध्ये मावत नाहीत. आता पर्याय तीन: दोन-तीन मिड-रेंज लायब्ररी, मोठ्या फ्रेममध्ये एलटीओ, किंवा मोठ्या फ्रेममध्ये ३५९२. पहिल्याकडे दुर्लक्ष होते, पण दोन इमारतींत दोन मध्यम लायब्ररी ही कित्येकदा एका भव्य लायब्ररीपेक्षा चांगली गुंतवणूक असते. एका जागी पाणी शिरले किंवा आग लागली तरी दुसरी चालू राहते. मिड-रेंजमध्ये सगळ्या मॉड्यूलना मिळून एकच रोबोट असतो आणि तो बिघडला की सगळे ड्राइव्ह रिकामे बसतात, हा दोषही दोन लायब्ररींमुळे निम्मा होतो. टीएस४५०० मध्ये दोन रोबोट घेता येतात, ती १८ फ्रेम आणि १२८ ड्राइव्हपर्यंत वाढते. पण दुसरा रोबोट हा जादा पैशांचा पर्याय असतो. कोटेशनमध्ये तो धरला आहे का, ते बघा.

एंटरप्राइज कोटेशनमध्ये आणखी एक ओळ शोधा: स्लॉटचे लायसन्स. फ्रेममध्ये स्लॉट असतात, पण ते वापरायची परवानगी टप्प्याटप्प्याने विकली जाते. आज स्वस्त दिसणारी फ्रेम तिसऱ्या वर्षी महाग पडते ती अशी. पाथ फेलओव्हर (एक रस्ता बंद पडला तर दुसऱ्याने ड्राइव्ह गाठायची सोय) आणि एन्क्रिप्शन की व्यवस्थापन यांचीही लायसन्स वेगळी असतात. एन्क्रिप्शन स्वतः एलटीओ-४ पासून ड्राइव्हमध्येच आहे, एईएस-२५६. पैसे लागतात ते किल्ल्या सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला.

मोठ्या कार्ट्रिजची दुसरी बाजू

एका कार्ट्रिजमध्ये ५० टीबी म्हणजे कमी स्लॉट, कमी हाताळणी, ऑफसाइट पेटीत कमी वजन. खरे आहे. पण ती कार्ट्रिज पूर्ण वाचायला ४०० एमबीच्या वेगाने जवळपास ३५ तास लागतात. एलटीओ-९ ला फुल-हाइट ड्राइव्हवर साडेबारा तास, हाफ-हाइटवर पावणेसतरा. शिवाय एका कार्ट्रिजमधून एका वेळी एकच ड्राइव्ह वाचू शकतो. १०० टीबी तातडीने परत आणायचे असतील आणि ते पूर्ण भरलेल्या दोनच जेएफ कार्ट्रिजवर असतील, तर लायब्ररीत दहा ड्राइव्ह असून कामाला येतील दोनच. तोच डेटा एलटीओ-९ च्या सहा कार्ट्रिजवर पसरलेला असेल तर सहा ड्राइव्ह एकदम वाचतील. तुमच्या रिकव्हरीच्या वेळेचे बंधन कडक असेल तर ही गोष्ट किमतीइतकीच महत्त्वाची. एंटरप्राइज घेतलेच तर बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये महत्त्वाच्या सिस्टिमचा डेटा मुद्दाम वेगवेगळ्या कार्ट्रिजवर जाईल असे पूल (कार्ट्रिजचे गट) लावा.

आठ वर्षांचा ताळेबंद

गुंतवणूक म्हणून तुलना करायची तर एकक एकच धरा: एक टीबी एक वर्ष सांभाळायचा खर्च. वरच्या ओळीत लायब्ररी, ड्राइव्ह, सर्व्हर, ड्राइव्ह जोडायचे एफसी किंवा एसएएस कार्ड, लायसन्स, दोन्ही प्रतींच्या कार्ट्रिज, एएमसी, ऑफसाइट तिजोरीचे भाडे आणि मायग्रेशन (जुन्या टेपवरचा डेटा नव्या टेपवर हलवणे). खाली सरासरी टीबी गुणिले वर्षे.

मुदत आठ वर्षे धरण्याला कारण आहे. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे हिशेबाची पुस्तके किमान ८ आर्थिक वर्षे जपावी लागतात. याच कायद्याच्या अनुसूची २ मध्ये सर्व्हर आणि नेटवर्कचे उपयुक्त आयुष्य ६ वर्षे धरले आहे. म्हणजे लायब्ररी वह्यांमध्ये जवळजवळ शून्यावर येते, तेव्हा तिच्यावरची जबाबदारी अजून दोन वर्षे बाकी असते. नेमक्या त्याच वर्षांत एएमसीचे दर चढतात. सहाव्या ते आठव्या वर्षाचे एएमसी दर आजच, पीओ (खरेदीची ऑर्डर) काढण्याआधी, लेखी मागा. मशीन एकदा बसले की घासाघीस करायला हातात काही उरत नाही.

रीत दाखवण्यापुरते मनाचे आकडे घेऊ, बाजारभाव नव्हेत. २ पेटाबाइट आणि ८ वर्षे म्हणजे १६,००० टीबी-वर्षे. मिड-रेंजचा एकूण खर्च १.६ कोटी धरला तर दर पडला १,००० रुपये. एंटरप्राइजचा ४ कोटी धरला तर २,५०० रुपये. १० पेटाबाइटला ८०,००० टीबी-वर्षे होतात. तिथे एलटीओचा खर्च ५.६ कोटी आणि एंटरप्राइजचा ५.२ कोटी निघाला तर दर ७०० आणि ६५०. फ्रेमचा स्थिर खर्च जास्त टीबीवर वाटला जातो, म्हणून अंतर मिटते. तुमच्या खऱ्या कोटेशनवर हा हिशेब आजच्या डेटासाठी, दुपटीसाठी आणि पाचपटीसाठी असा तीनदा मांडा. दर जिथे एकमेकांना ओलांडतात तो आकार तुम्ही पुढच्या चार वर्षांत गाठणार नसाल तर एंटरप्राइजचा विचार सोडून द्या. आणि कार्ट्रिजचा टीबीमागे भाव दोन्हीकडे स्वतंत्र मागा. जेएफचा टीबीमागे भाव एलटीओपेक्षा कमी आला नाही, तर बचत फक्त स्लॉट आणि जागेतून निघायला हवी.

पुनर्विक्रीचे मूल्य दोन्हीकडे शून्य धरा.

मायग्रेशनची ओळ बहुतेक जण विसरतात. पूर्वी एलटीओ ड्राइव्ह दोन पिढ्या मागची टेप वाचत असे. एलटीओ-८ पासून ते थांबले: तो फक्त एलटीओ-७ वाचतो, एलटीओ-९ फक्त एलटीओ-८. २०२५ मध्ये आलेला एलटीओ-१० तर एलटीओ-९ वाचतच नाही. एंटरप्राइजची बाजू इथे वरचढ असे. जुनी कार्ट्रिज नव्या ड्राइव्हवर जास्त घनतेने पुन्हा फॉरमॅट करता यायची: जेसी ४ टीबीची ७ झाली, जेडी १० ची १५. कार्ट्रिजवरचा पैसा असा दोनदा वसूल होई. पण २०२३ च्या टीएस११७० मध्ये फक्त जेएफ चालते, जुने काही नाही. विक्रेता जुन्या कार्ट्रिजच्या पुनर्वापराची स्लाइड दाखवत असेल तर ती कोणत्या पिढीची आहे ते विचारा.

मायग्रेशनला वेळ किती? १० पेटाबाइट, ३०० एमबीचा प्रत्यक्ष वेग, एक वाचणारा आणि एक लिहिणारा ड्राइव्ह: ३८६ दिवस. अशा चार जोड्या लावल्या तर ९७ दिवस, तेही रात्रीचा बॅकअप सांभाळून ड्राइव्ह मोकळे मिळाले तर. म्हणून लायब्ररी निवडताना दोन पिढ्यांचे ड्राइव्ह एकत्र, वेगळ्या पार्टिशनमध्ये (लायब्ररीच्या स्वतंत्र भागांत) चालतात का हे बघाच.

एका कंपनीवर भिस्त

ओरॅकलचा स्टोरेजटेक टी१००००डी हा २०१३ मध्ये आलेला, ८.५ टीबीचा उत्तम एंटरप्राइज ड्राइव्ह होता. त्या मालिकेचा पुढचा विकास थांबला आणि तिच्यावर मोठे आर्काइव्ह उभे केलेल्यांना, सर्नसारख्या युरोपातल्या मोठ्या अणुसंशोधन संस्थेलासुद्धा, दुसरीकडे वळावे लागले. एकाच कंपनीच्या स्वरूपाचा हा धोका आहे आणि तो ३५९२ लाही लागू आहे. एलटीओ अनेक नावांनी मिळतो म्हणून निर्धास्त राहायचे, असेही नाही. ड्राइव्हची यंत्रणा आता आयबीएमच बनवते, आणि टेप बनवणाऱ्या कंपन्या दोनच, फुजीफिल्म व सोनी. त्यांच्या पेटंटच्या भांडणात २०१९ मध्ये एलटीओ-८ टेपची टंचाई झाली होती. लोकांनी तेव्हा एलटीओ-७ ची कोरी कार्ट्रिज एलटीओ-८ ड्राइव्हमध्ये टाइप-एम म्हणून ९ टीबीला वापरून वेळ निभावली. धडा एवढाच की पहिल्या वर्षाच्या गरजेच्या कार्ट्रिज लायब्ररीसोबतच घ्या.

३५९२ ला पर्याय नाही अशी एक जागा आहे: आयबीएम मेनफ्रेम (मोठ्या संस्थांचा अवाढव्य संगणक) आणि त्याला जोडलेले टीएस७७०० व्हर्च्युअल टेप, म्हणजे संगणकाला टेपसारखी भासणारी साठवण. टीएस७७०० च्या मागे टेप जोडायची तर ड्राइव्ह ३५९२ चाच लागतो, तिथे तुलना करण्यात वेळ घालवू नका. उलट टोकाला मुंबईतले पोस्ट-प्रॉडक्शन स्टुडिओ. त्यांना फुटेज दुसऱ्या स्टुडिओला उघडता यावे लागते, म्हणून एलटीओ आणि एलटीएफएस (टेपवरच्या फायली डिस्कवरच्यासारख्या उघडू देणारी रचना) हेच योग्य. समोरच्याकडे ३५९२ चा ड्राइव्ह असण्याची शक्यता जवळपास नाही.

बसवल्यावर काय बिघडते

एलटीओ-९ ची कोरी कार्ट्रिज पहिल्यांदा घातली की ड्राइव्ह ती मोजून घेतो. सरासरी ४० मिनिटे, कधी दोन तासांपर्यंत. बिघाड समजून मध्येच बंद करू नका. १३१ कार्ट्रिजला ८७ तास लागतात; ८ ड्राइव्हवर वाटले तर ११. हे काम पहिल्या बॅकअपच्या रात्री होऊ देऊ नका, आधी उरका. आणि ज्या खोलीत टेप वापरायची तिथेच करा, कारण मोजणी त्या हवेतल्या टेपच्या मापाची असते. कुरिअरने आलेल्या पेट्या लायब्ररीच्या खोलीत २४ तास ठेवून मगच कार्ट्रिज आत घाला.

तापमान १६ ते २५ अंश आणि आर्द्रता २० ते ५० टक्के ठेवा. मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळ्यात बाहेर आर्द्रता ८० च्या वर असते आणि साधा स्प्लिट एसी ती भरवशाने ५० च्या खाली आणत नाही. प्रिसिजन एसी किंवा वेगळा डीह्युमिडिफायर हा खर्च ताळेबंदात धरा, मिड-रेंजलाही. ऑफसाइट तिजोरीची आर्द्रता महिन्यातून एकदा नोंदवून मागवा. सर्व्हर रूममध्ये पीओपी किंवा ड्रिलिंगचे काम निघाले तर लायब्ररी बंद करून झाका. टेपला धुळीसारखा शत्रू नाही.

क्लीनिंग कार्ट्रिज ५० वेळा चालते. लायब्ररीला आपोआप क्लीनिंग करू द्या, ठरावीक वारी सक्तीने करू नका; गरज नसताना केलेल्या क्लीनिंगने हेड झिजतात. एकच कार्ट्रिज वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये चुकत असेल तर दोष टेपचा, वेगवेगळ्या कार्ट्रिज एकाच ड्राइव्हमध्ये चुकत असतील तर दोष ड्राइव्हचा. एवढी नोंद ठेवली तरी एएमसीच्या इंजिनिअरशी वाद मिटतो.

पीओ आणि स्वीकार चाचणी

मोठ्या फ्रेमची ऑर्डर देण्याआधी लिफ्ट, दरवाजे आणि स्लॅबचा भार स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या. रॅकमधल्या लायब्ररीला ही कटकट सहसा नसते. एएमसीत 'चार तासांत' म्हणजे चार तासांत फोन, माणूस की सुटा भाग, हे लिहून घ्या. पुणे-मुंबईत मिळणारी सेवा नांदेड किंवा रत्नागिरीत त्याच दराने मिळेलच असे नाही. भाग कोणत्या डेपोतून येणार, ते नाव पीओत हवे.

चाचणीत स्वतःचा डेटा वापरा, विक्रेत्याचा नको. त्याचा नमुना डेटा छान दबणारा असतो. सगळे ड्राइव्ह एकत्र चार तास सलग लिहू द्या आणि वेग मोजा. एक ड्राइव्ह चालू जॉबमध्ये काढून पाहा. भरलेल्या कार्ट्रिजच्या सुरुवातीची, मधली आणि शेवटची फाइल परत आणा. एन्क्रिप्शन असेल तर की सर्व्हरची बॅकअप प्रत दुसऱ्या मशीनवर उभी करून त्यावरून एक टेप वाचून दाखवायला सांगा. किल्ली गेली तर टेप कितीही महाग असो, वाचता येत नाही. शेवटचा हप्ता या सगळ्या चाचण्यांवर सही झाल्यावरच सोडायचा, असे पीओच्या पहिल्याच पानावर लिहा.